पत्राची मर्यादा

शिवछत्रपतींच्या पत्रांच्या शेवटी एक छोटीशी मुद्रा उमटलेली दिसते : ‘मर्यादेयं विराजते’. पत्र इथे संपले, हा तिचा अर्थ. ती उमटली की पुढे पदरचा मजकूर घुसडण्याची कुणाची छाती नव्हती. आजच्या कचेरीतल्या ई-मेलला मात्र अशी मर्यादाच उरलेली नाही!

१९७१ साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन या इंजिनियरने एका संगणकावरून दुसऱ्यावर पहिला निरोप धाडला. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांना खुले केले. टपाल क्षणात पोहोचू लागले. पण लिहिण्यापूर्वीचा विचार मागेच राहिला.

‘सीसी’ ही अक्षरेच पाहा. ती कार्बन कॉपीची. टाइपरायटरवर चार-पाच प्रतींपलीकडे अक्षर धड उमटत नसे, म्हणून प्रत कुणाला द्यावी याचा विचार आपोआप होई. आता एक बटण दाबले की चाळीस जणांना प्रत जाते. आणि जे पत्र सर्वांचे, ते कुणाचेच नसते.

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या फौंड्रीची कल्पना करा. गिऱ्हाइकाने सुधारलेले ड्रॉइंग पाठवले. पण ते अठराव्या उत्तराच्या पोटात, आणि विषयाच्या ओळीत अजून ‘दिवाळीच्या शुभेच्छा’! पॅटर्न जुन्याच मापाचा राहिला, ओतकाम झाले. लोखंड पुन्हा वितळवता येईल. पण वीज, मजुरी आणि दिलेला शब्द कसा परत येणार?

उपाय साधे आहेत. एका पत्रात एकच काम. विषयाच्या ओळीत कामाचे नाव आणि ड्रॉइंगचा क्रमांक. पहिल्याच वाक्यात काय हवे, कुणाकडून आणि केव्हापर्यंत, ते. ज्याने काम करायचे तो ‘प्रति’त, ज्याने नुसते जाणायचे तो ‘सीसी’त. रागाच्या भरात लिहिलेले पत्र रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी ते बहुधा पाठवावेसे वाटत नाही. आणि निकडीचे असेल तर सरळ फोन उचलावा.

एका पत्रापासून मात्र फार सावध राहावे. ‘आमचे बँकेचे खाते बदलले आहे, यापुढे पैसे नव्या खात्यात भरा.’ नाव ओळखीचे, पत्ता एका अक्षराने निराळा! अशा वेळी त्या पत्रातल्या नव्हे, आपल्या वहीतल्या जुन्या नंबरावर फोन करून खात्री करावी. पैसे गेलेच, तर लाजून गप्प न बसता ताबडतोब बँकेला आणि १९३० या क्रमांकावर कळवावे. कारकुनाला उशिराबद्दल रागे भरणारा साहेब असेल, तर तो बिचारा खात्री न करताच पैसे भरून मोकळा होतो. म्हणून ‘आधी विचार, मग भर’ हे साहेबानेच सांगितले पाहिजे.

राहता राहिली घरची गोष्ट. मोबाइलमुळे कचेरी आता जेवणाच्या पाटापर्यंत आली आहे. साहेबाने रात्री दहाला पत्र धाडले, की ताटावरचा माणूस उठतो आणि भाकरी गार होते. उद्या चालणारे पत्र उद्याच पाठवावे. मर्यादा जशी मजकुराला हवी, तशी वेळेलाही हवी.