परदेशातील दैनंदिन व्यवहार आणि भाषिक अडसर : जपानच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना

शिक्षण, नोकरी, विवाह अशा कारणांनी परदेशी वास्तव्य करणाऱ्यांची संख्या जागतिकीकरणाच्या काळात सातत्याने वाढत गेली आहे. अशा व्यक्तींच्या भाषाविषयक अडचणींची चर्चा करताना ‘त्या देशाची भाषा शिकून घ्यावी’ हा एकच उपाय सामान्यतः सांगितला जातो. हा उपाय योग्य असला तरी पुरेसा नाही. परकी भाषा आत्मसात करण्यास काही वर्षे लागतात; घर भाड्याने घेणे, कचरा टाकणे, मुलाला दवाखान्यात नेणे ही कामे मात्र पहिल्या आठवड्यापासून करावी लागतात. दरम्यानचा काळ निभावण्याचे मार्ग कोणते, आणि त्याची जबाबदारी केवळ नवागतावरच असते काय, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात जपानच्या संदर्भात केला आहे.

जपानची निवड करण्यास कारणे आहेत. २०२४ च्या अखेरीस जपानमध्ये सुमारे ३७.७ लाख परदेशी नागरिक राहत होते व त्यांत भारतीयांची संख्या ५० हजारांहून अधिक होती. तोक्योच्या एदोगावा प्रभागातील निशी-कासाई परिसर भारतीय कुटुंबांच्या वस्तीसाठी ओळखला जातो. मूळचे महाराष्ट्रातील योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच प्रभागाच्या परिषदेवर निवडून आले. पुण्यात जपानी भाषेच्या अध्यापनाची परंपरा जुनी आहे आणि तेथून दरवर्षी अनेक तरुण जपानला जातात. याशिवाय, भाषिक अडसर हा केवळ येणाऱ्याचा दोष नव्हे, ही जाणीव जपानी समाजाला एका भीषण आपत्तीतून झाली. तिचा अभ्यास भाषेच्या अध्यापकांना उपयुक्त ठरणारा आहे.

अडसराचे स्वरूप

पहिला अडसर लिपीचा आहे. जपानी लेखनात हिरागाना व काताकाना या दोन अक्षरमाला (प्रत्येकी ४६ मूलभूत अक्षरे) आणि चिनी मूळ असलेली कांजी चिन्हे एकत्र वापरली जातात. २०१० मध्ये सुधारलेल्या नित्योपयोगी कांजींच्या अधिकृत यादीत २,१३६ चिन्हे आहेत. जर्मनी वा फ्रान्समध्ये गेलेला मराठी माणूस फलकावरील शब्द कळला नाही तरी अक्षरे ओळखून तो कोशात शोधू शकतो. अनोळखी कांजीचा उच्चारच ठाऊक नसल्याने उच्चारानुक्रमी कोशात ती शोधण्याचा मार्ग बंद होतो. औषधाचे पाकीट, गॅस कंपनीची सूचना, घरी कोणी नसताना टपालवाल्याने दारात सोडलेली चिठ्ठी या साध्या वस्तूंपुढे उच्चशिक्षित व्यक्तीही निरक्षर ठरते. या अवस्थेचा मानसिक परिणाम दुर्लक्षिण्याजोगा नाही.

दुसरा अडसर ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांचा आहे. जपानीत इंग्रजीतून आलेले असंख्य शब्द आहेत. परंतु त्यांचे अर्थ बदललेले आहेत. ‘मानशोन’ म्हणजे हवेली नव्हे, तर पक्क्या बांधकामाच्या इमारतीतील सदनिका. ‘साबिसु’ हा ‘सर्व्हिस’चा अवतार दुकानात बहुधा ‘फुकट दिलेली वस्तू’ या अर्थाने येतो. ‘कुरेमु’ म्हणजे हक्क सांगणे नव्हे, तर तक्रार. इंग्रजी उत्तम जाणणारा भारतीय अशा शब्दांमुळे अधिक सहज फसतो.

तिसरा अडसर संभाषणाच्या रीतीचा आहे. ‘हाइ’ या शब्दाचा अर्थ पाठ्यपुस्तकात ‘होय’ असा दिलेला असतो. प्रत्यक्षात ऐकणारा अनेकदा ‘ऐकतो आहे’ एवढेच त्यातून सुचवतो. घरमालकाचा मध्यस्थ ‘सोरे वा चोत्तो...’ असे म्हणून वाक्य अर्धवट सोडतो, तेव्हा शब्दशः ‘ते थोडे...’ असा अर्थ होत असला तरी तो नकार असतो. शिवाय विद्यार्थी वर्गात ‘खाणे’ या अर्थी ‘ताबेमासु’ शिकतो, पण उपाहारगृहात त्याला उद्देशून ‘मेशिआगारिमासु’ हे आदरार्थी रूप वापरले जाते. ज्याला भाषा सर्वांत कमी येते त्यालाच ग्राहक म्हणून सर्वांत अवघड भाषेत बोलावले जाते, हा यातील विरोधाभास आहे.

मराठी भाषकाची जमेची बाजू

या अडचणींसमोर मराठी भाषक अगदीच रिक्तहस्त नसतो. जपानी वाक्यातही क्रियापद शेवटी येते आणि नामाच्या मागे संबंधदर्शक शब्द लागतात. त्यामुळे ‘मी तोक्योत राहतो’ या वाक्यातील शब्दक्रम जपानीत जवळजवळ तसाच ठेवता येतो. जपानी अक्षरमालेचा ‘का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा’ हा क्रम भारतीय वर्णमालेची आठवण करून देतो. हे साम्य योगायोगाचे नाही. बौद्ध धर्माबरोबर जपानमध्ये पोचलेल्या सिद्धम् लिपीच्या अध्ययनाचा त्या क्रमावर प्रभाव आहे.

संख्यांच्या बाबतीतही असाच लाभ होतो. जपानी गणना दहा हजारांच्या ‘मान’ या एककावर उभी आहे. इंग्रजीतून विचार करणाऱ्याला ती गोंधळात टाकते. मात्र दहा ‘मान’ म्हणजे एक लाख, हे मराठी माणसाला सहज ध्यानात राहते. संभाषणात समोरच्याचे ‘हाइ, हाइ’ ऐकून गैरसमज करून घेणाऱ्याने मराठीतील ‘हं... हं...’ आठवावा. कथा ऐकताना आपण दिलेला हुंकार म्हणजे संमती नसते, हे त्याला वेगळे शिकवावे लागत नाही.

सर्वांत महत्त्वाचे साम्य ध्वन्यनुकारी शब्दांचे आहे. जपानी डॉक्टर वेदनेचे स्वरूप अशा शब्दांनी विचारतात : ‘झुकी-झुकी’ म्हणजे ठसठस, ‘चिकु-चिकु’ म्हणजे टोचल्यासारखे, ‘हिरि-हिरि’ म्हणजे चुरचुर, ‘गान-गान’ म्हणजे डोक्यात घण पडल्यासारखे. दुखण्याचे असे सूक्ष्म भेद मराठीत असल्यामुळे हे शब्द कल्पना म्हणून परके वाटत नाहीत. त्यांची जोडी तेवढी लावून घ्यावी लागते. परभाषा शिकवताना इंग्रजीचे माध्यम मध्ये न आणता मातृभाषेचा थेट उपयोग का करावा, याचे हे बोलके उदाहरण होय.

व्यवहारातील मार्ग

भाषा पूर्णपणे येण्यापूर्वी व्यवहार निभावण्याचे काही मार्ग अनुभवसिद्ध आहेत. प्रत्येक प्रसंगासाठी संपूर्ण भाषा लागत नाही. त्या प्रसंगाचे मोजके शब्द लागतात, हे तत्त्व त्यांच्या मुळाशी आहे. घर घेताना ‘शिकिकिन’ (अनामत रक्कम) आणि ‘रेइकिन’ (घरमालकाला द्यावयाची, परत न मिळणारी रक्कम) या दोन शब्दांतील भेद कळणे हे शंभर सामान्य शब्दांपेक्षा मोलाचे ठरते. कचऱ्यासाठी ‘मोएरु’ (जळणारा) आणि ‘मोएनाइ’ (न जळणारा) हे शब्द आणि वारांची नावे प्रथम शिकावी लागतात. चुकीच्या दिवशी ठेवलेली पिशवी सूचनापत्र चिकटवून तेथेच सोडली जाते आणि भाषेची चूक शेजाऱ्यांच्या दृष्टीने शिस्तीची चूक ठरते. म्हणूनच अनेक नगरपालिका कचऱ्याची सचित्र वेळापत्रके विविध भाषांत देतात.

दुसरा मार्ग ऐकलेले स्वतःच्या शब्दांत परत म्हणून दाखवण्याचा. ‘कळले का?’ या प्रश्नाला संकोचाने ‘हो’ म्हणण्याऐवजी ‘मंगळवारी, तीन वाजता, येथेच ना?’ असे विचारल्यास चूक तत्काळ उघड होते. ‘काइते कुदासाइ’ म्हणजे ‘कृपया लिहून द्या’ ही विनंतीही तितकीच उपयुक्त आहे, कारण लिहिलेला कागद घरी नेऊन दुसऱ्याला दाखवता येतो. पत्ता, आजार व वर्ज्य औषधे जपानीत लिहिलेले कार्ड जवळ बाळगणे हाही त्यातलाच उपाय. पोलिसांसाठी ११० आणि अग्निशमन व रुग्णवाहिकेसाठी ११९ हे क्रमांक जपानमध्ये वेगवेगळे आहेत. अनेक शहरांत ११९ वर दुभाष्याला जोडून घेण्याची सोय आहे. तरीही स्वतःचा पत्ता सांगता येणे अत्यावश्यक ठरते.

तिसरा मार्ग यंत्रानुवादाचा. जपानच्या राष्ट्रीय माहिती व दळणवळण तंत्रज्ञान संस्थेने ‘व्हॉइसट्रा’ हे बोली अनुवादाचे उपयोजन २०१० मध्ये उपलब्ध करून दिले. आता भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्यातून फलकही वाचता येतात. मात्र जपानी वाक्यात कर्ता वारंवार गाळला जातो. अशा वेळी ‘कोणी’ हे यंत्र अंदाजाने ठरवते आणि ‘तुम्ही भरायचे’ व ‘आम्ही भरणार’ यांतील फरक पुसला जाऊ शकतो. म्हणून यंत्रासाठी वाक्य लहान, पूर्ण व कर्ता स्पष्ट करणारे असावे लागते. हाच नियम माणसांसाठी एका वेगळ्या मार्गाने आधीच सिद्ध झाला होता.

‘यासाशी निहोंगो’ : यजमान समाजाचे पाऊल

१७ जानेवारी १९९५ रोजी कोबे व परिसरात झालेल्या भूकंपात ६,४०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. या आपत्तीत लोकसंख्येच्या तुलनेत परदेशी रहिवाशांची हानी अधिक झाल्याचे नंतर निदर्शनास आले. त्यामागे भाषा हेच एकमेव कारण होते असे म्हणता येणार नाही. जुनी व कमकुवत घरे हेही कारण होते. परंतु भूकंपानंतर पाणी कोठे मिळते, अन्न कोठे वाटले जाते, कोणती इमारत धोकादायक आहे या सूचना अनेकांना कळल्या नाहीत. सगळ्यांच्या मातृभाषांतून तत्काळ अनुवाद करणे अशक्य होते आणि इंग्रजीही सर्वांना येत नव्हती.

या अनुभवातून हिरोसाकी विद्यापीठातील समाजभाषाशास्त्रज्ञ सातो काझुयुकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘यासाशी निहोंगो’ ही संकल्पना मांडली. ‘यासाशी’ या शब्दाचे ‘सोपी’ आणि ‘प्रेमळ’ असे दोन अर्थ होतात व येथे दोन्ही अभिप्रेत आहेत. आपत्तीनंतर दुभाषी उपलब्ध होईपर्यंतचे सुमारे ७२ तास निभावून नेणे हा तिचा मूळ उद्देश होता. वाक्य लहान ठेवावे, एका वाक्यात एकच माहिती द्यावी, दुहेरी नकार टाळावा, कांजीवर उच्चार लिहावा, काताकानातील आगंतुक शब्द व ध्वन्यनुकारी शब्द वापरू नयेत, असे तिचे नियम आहेत. ‘योशिन’ या शब्दासारखी महत्त्वाची संज्ञा वगळली जात नाही. तिच्याजवळ ‘नंतर येणारा भूकंप’ असा खुलासा जोडला जातो. ‘दोसोकु गेनकिन’ (पादत्राणांसह प्रवेश सक्त मना) या फलकाऐवजी ‘बूट काढा’ असे लिहिले जाते. बोलण्यासाठी ‘हासामी’ म्हणजे कात्रीचा नियम सांगतात : ‘हाक्किरी’ (स्पष्ट), ‘साइगो मादे’ (वाक्य शेवटपर्यंत) आणि ‘मिजिकाकु’ (थोडक्यात).

ही पद्धत पुढे आपत्तीपुरती राहिली नाही. २०२० मध्ये जपानच्या स्थलांतरित सेवा व सांस्कृतिक व्यवहार यंत्रणांनी मिळून सरकारी कार्यालयांसाठी तिची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. १ जानेवारी २०२४ रोजी नोतो द्वीपकल्पात भूकंप झाला, तेव्हा राष्ट्रीय दूरचित्रवाणीच्या पडद्यावर ‘त्सुनामी! पळा!’ या अर्थाचे शब्द केवळ हिरागानात, मोठ्या अक्षरांत झळकले. लहान मुलांनाही त्यांचा लाभ झाला असणार, हे उघड आहे. परकीयांसाठी केलेले सुलभीकरण अखेरीस स्वकीयांच्याही उपयोगी पडते.

अपुरे राहिलेले

या प्रयत्नांनी प्रश्न सुटला असे नव्हे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘विशिष्ट कौशल्य’ प्रवर्गातील कामगारांना सामान्यतः जपानीची प्राथमिक परीक्षा द्यावी लागते. अभियंत्यासोबत जाणाऱ्या पत्नीकडून मात्र तशी पूर्वतयारी सहसा अपेक्षिली जात नाही. पतीचे कार्यालय पुष्कळदा इंग्रजीत चालते. बालवाडी, दवाखाना, शेजार यांतील जपानी तिच्या वाट्याला येते. म्हणजे जिची तयारी सर्वांत कमी तिच्यावरच भाषेचा भार सर्वांत अधिक पडतो. स्थानिक आंतरराष्ट्रीय विनिमय मंडळांचे स्वयंसेवी वर्ग हा तिचा मोठा आधार असतो. पुढे मुले शाळेत जपानी शिकतात आणि आईची दुभाषी होतात. मात्र आजाराचे निदान आईला सांगण्याचे काम मुलावर सोपवणे योग्य नव्हे. तेथे प्रौढ दुभाषीच हवा.

दुसरी मर्यादा परीक्षांची आहे. जपानी भाषा प्राविण्य परीक्षेत एन-५ ते एन-१ असे पाच स्तर आहेत. तीत वाचन व श्रवण तपासले जाते, संभाषण नाही. प्रमाणपत्र हाती असूनही दवाखान्याच्या खिडकीशी विद्यार्थी अडखळतो, यात नवल नाही. जून २०१९ मध्ये जपानी संसदेने जपानी भाषाशिक्षणाच्या संवर्धनाचा कायदा संमत केला आणि त्याची जबाबदारी राष्ट्रीय व स्थानिक शासनावर टाकली, हे या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, भाषिक अडसर हा दोन पक्षांमधील अंतराचा प्रश्न आहे. नवागताने प्रसंगानुरूप शब्द, विचारून खात्री करण्याची सवय आणि मातृभाषेतील साम्ये यांच्या आधारे अर्धी वाट चालावी. उरलेली अर्धी यजमान समाजाने आपली भाषा सोपी करून चालावी. महाराष्ट्रातील महाविद्यालयांच्या दृष्टीने याचे दोन अर्थ निघतात. परकी भाषा शिकवताना परीक्षेच्या अभ्यासक्रमाबरोबर घर, दवाखाना व आपत्ती या प्रसंगांचा सराव द्यावा लागेल. तसेच आपल्याकडे शिकण्यास येणारे परदेशी व परप्रांतीय विद्यार्थी आणि बांधकामावर राबणारे अन्य राज्यांतील मजूर यांच्यासाठी आपल्या सूचनाफलकांची, अर्जांची व रुग्णालयातील कागदांची मराठी किती सुबोध आहे, हे तपासावे लागेल. भाषेचे विभाग हे काम हाती घेऊ शकतात. ‘सदर ठिकाणी प्रवेश निषिद्ध आहे’ याऐवजी ‘आत जाऊ नका’ असे लिहिल्याने मराठीची प्रतिष्ठा उणावत नाही. ती वाचणाऱ्यांची संख्या मात्र वाढते.