छोटी गाडी का अडली?

गोंदिया जंक्शनहून बालाघाट, नैनपूर करत जबलपूरला जाणारी छोटी रेल्वे तुम्ही पाहिली नसेल, पण तुमच्या आजीआजोबांना विचारा! दोन रुळांत अंतर जेमतेम ७६२ मिलिमीटर. (आज त्याच वाटेवर १६७६ मिलिमीटरची ब्रॉडगेज आहे.) तिचं वाफेचं इंजिन धावू लागलं, की चाकांच्या बाजूला एक लांब लोखंडी दांडा गरगर वर-खाली होताना दिसायचा. एका चाकाचा जोर दुसऱ्याला पोचवणारा हा जोडदांडा. चला, तो आपण संगणकावर बनवू.

त्यासाठी फ्रीकॅड नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या त्याच्या १.० आवृत्तीपासून सुटे भाग जोडून हलवून बघायची सोय त्यातच आहे. आपले भाग चारच : इंजिनाचा सांगाडा, चाकांच्या दोन जोड्या आणि दांडा. सगळं जोडलंत, माऊसने चाक ओढलंत, आणि... ढिम्म! कधी चाक हलतच नाही, तर कधी दांडा चाक सोडून भलतीकडेच उडतो.

घाबरू नका. संगणक बिचारा तुमचं ऐकतोच आहे. तुम्ही त्याला काय सांगितलंत, ते तपासू या.

खोडरबर हवेत धरा. ते पुढे-मागे, डावी-उजवीकडे, वर-खाली सरकतं. शिवाय या तिन्ही दिशांभोवती फिरतं. म्हणजे प्रत्येक सुट्या भागाला ६ मोकळिकी. बिजागरीने जोडलं, की फक्त एक फिरणं उरतं. ५ मोकळिकी गेल्या. सांगाडा जागेवर पक्का केला, की हलणारे भाग ३, म्हणजे मोकळिकी १८. बिजागऱ्या ४, म्हणजे बंधनं २०. १८ मधून २० वजा करा बरं! उणे २. हिशेबाने हे यंत्र जाम व्हायला हवं. पण खरं इंजिन तर धावायचं!

गंमत अशी, की चारही बिजागऱ्यांचे आस एकमेकांना अगदी समांतर आहेत. त्यामुळे काही बंधनं तीच तीच गोष्ट पुन्हा सांगतात. माप तंतोतंत असेल तोवर ही पुनरुक्ती चालून जाते. एक आस किंचित तिरका झाला, की दोन सूचना एकमेकींशी भांडू लागतात आणि संगणक हात टेकतो. उपाय सोपा आहे. दांड्याच्या एका टोकाला बिजागरीऐवजी गोळ्यासारखा जोड द्या (तो ३ मोकळिकी घेतो) आणि दुसऱ्या टोकाला फिरणारा व सरकणारा दंडगोल जोड (तो ४ घेतो). आता १० अधिक ७, म्हणजे १७. उरली एक. चाक फिरायला तेवढी पुरे!

तरीही अडतंय? मग दांड्याची लांबी मोजा. दोन आसांमधलं अंतर आणि दांड्याच्या दोन भोकांमधलं अंतर सारखंच हवं. एक मिलिमीटर जास्त असो की कमी, चाक पूर्ण फेरा घेणार नाही. दांडा आसांच्या रेषेत येता येता अडकेल. खऱ्या इंजिनात जोडांमधला थोडासा सैलपणा अशी चूक पोटात घालतो. पडद्यावरच्या लोखंडाला सैलपणा नसतो ना!

अजूनही चूक सापडत नसेल, तर सगळे जोड बंद करा आणि एकेक करून चालू करा. प्रत्येक वेळी भाग ओढून बघा. पहिलं चाक फिरतंय? छान. दुसरं? आता दांडा. ज्या जोडापाशी अडलं, चोर तिथेच. बहुतेक वेळा बिजागरीच्या जागी चुकून ‘पक्का’ जोड दिलेला असतो, नाहीतर सांगाड्याबरोबर चाकही जागेवर खिळवलेलं असतं. हे कंटाळवाणं काम आहे खरं, पण सगळं पुसून नव्याने काढण्यापेक्षा कितीतरी लवकर होतं.

एक खोड मात्र उरते. दांडा आणि दोन्ही आस एका रेषेत आले, की दुसऱ्या चाकाला कळत नाही, सोबत फिरू की उलट? मॉडेलमध्ये ते अचानक उलटं फिरू लागतं. जोड सगळे बरोबर असूनही! इंजिन बांधणाऱ्यांना हे संगणक येण्याआधीच ठाऊक होतं. त्यांनी दुसऱ्या बाजूचा दांडा पाव फेऱ्याने, म्हणजे ९० अंशांनी पुढे बसवला. एक बाजू रेषेत अडखळली, की दुसरी बाजू नेमकी जोरात असते. तुम्हीही मॉडेलला दुसरा दांडा द्या. बंधनांचा हिशेब पुन्हा एकने जास्त होईल, पण मापं अचूक असतील तर चालेल.

नागपूरला मोतीबागेत २००२ मध्ये सुरू झालेलं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे. तिथे छोट्या गाडीचं वाफेचं इंजिन उभं आहे. गेलात तर एका बाजूने दांडा कुठे आहे ते बघून ठेवा, मग वळसा घालून पलीकडे जा आणि दुसरा शोधा.