मोटारीचा जळका वास

नीलगिरीच्या माथ्यावरील उटी समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर वसलेली आहे. पायथ्याचे मेट्टुपाळयम मात्र अवघ्या ३३० मीटरांच्या आसपास. चार दिवसांची सुट्टी संपवून एखादे कुटुंब मोटारीने हा घाट उतरू लागते. मुले मागच्या आसनावर पेंगत असतात, टपावर सामान बांधलेले असते, आणि निम्मा उतार सरतो न सरतो तोच काहीतरी जळत असल्याचा वास येतो. ‘बाहेर कोणी पाला पेटविला असेल’ असे म्हणून काच वर केली जाते व गाडी पुढे चालू राहते. प्रवासातील कितीतरी अनर्थांचे बीज ह्या एका वाक्यात असते. कारण वास गाडीचाच असेल, तर उरलेला उतार कशाच्या भरवशावर उतरावयाचा, हा प्रश्न त्याच क्षणी उभा राहिलेला असतो.

उंचावरची मोटार म्हणजे साठविलेली ऊर्जाच होय. एक टन वजनाची गाडी एक हजार मीटर खाली येते, तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते तिने २५ अंशांचे सुमारे ३० लिटर पाणी उकळीला येईल. वारा आणि इंजिन यांनी जेवढा वाटा उचलला नसेल, तेवढी ही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने ब्रेकमध्ये उतरते. चालकाचा पाय सतत ब्रेकवर राहिला की तेथील घर्षणाचे अस्तर करपू लागते आणि घशाला झोंबणारा तिखट वास चाकांकडून येतो. ब्रेकची पकडही ह्याच वेळी कमी होऊ लागते.

धोका इतक्यावरच थांबत नाही. पायाचा दाब चाकांपर्यंत नेणारे ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेत असते. डॉट ३ ह्या प्रतीचे ताजे ऑइल २०५ अंश सेल्सिअसच्या आत उकळता कामा नये, असा दंडक आहे. ओलावा शोषलेल्या ऑइलासाठी हीच मर्यादा १४० अंशांवर येते. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. पायाचा दाब वाफ आकसण्यातच खर्ची पडतो, चाकांपर्यंत पोहोचत नाही, आणि ब्रेक मऊ लागून तळाला टेकतो.

म्हणून पकड शाबूत आहे तोवरच, वळणापासून दूर अशा रुंद जागी गाडी थांबवावी. इंजिन बंद करून गाडी रिव्हर्स गिअरमध्ये ठेवावी, चाकांपुढे दगड लावावेत आणि निदान अर्धा तास ब्रेक आपोआप निवू द्यावेत. तापलेल्या चाकांवर पाणी ओतण्याचा मोह आवरावा. एकाएकी थंड झालेली धातू वाकते अथवा तडकते. निघताना लावलेले दगड रस्त्यातून दूर करावेत. निवल्यानंतरही ब्रेक मऊच लागत असेल, तर पुढे जाऊ नये, मदत बोलवावी. तो कडक लागल्यास पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश उतरावे. घाट ज्या गिअरमध्ये चढावयाचा, त्याच गिअरमध्ये उतरावयाचा, हा जुन्या चालकांचा नियम आजही खरा आहे. वेग वाढेल तेव्हा ब्रेक ठामपणे दाबून सोडावा. पाय त्यावर ठेवून बसू नये. इंधन वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये टाकणे अथवा इंजिन बंद करणे, हे तर संकटाला आमंत्रणच. इंजिनाचा अटकाव जातो आणि ब्रेकला मिळणारे त्याचे साहाय्यही संपते.

सपाट रस्त्यावर एकाच चाकाकडून असा वास आला, तर ब्रेक अडकलेला असण्याचा संभव असतो. हँडब्रेक ओढलेलाच राहिला नाही ना, हेही पाहावे. चढावर किंवा गर्दीत जळक्या कागदासारखा वास आला आणि इंजिनाचा आवाज वाढूनही वेग वाढेना, तर क्लच घसरत आहे असे समजावे. अर्धा क्लच दाबून गाडी चढावर धरून ठेवण्याची सवय त्याच्या मुळाशी असते. करपलेल्या तेलाचा वास व निळसर धूर बॉनेटकडून आल्यास तेल गळून तापलेल्या नळीवर पडत असावे. गोडसर वास आणि तापमानाचा वर सरकणारा काटा, ही रेडिएटरची तक्रार; तेथे गरम असताना झाकण उघडणे म्हणजे उकळते पाणी अंगावर घेणे होय. रबराचा वास व किंचाळल्यासारखा आवाज बहुधा घसरणाऱ्या पट्ट्याचा असतो.

ह्या सर्वांत विलंब मुळीच न खपणारे दोन वास आहेत. एक पेट्रोलचा, दुसरा जळत्या प्लॅस्टिकचा. उंदरांनी कुरतडलेली तार, ढिला जोड किंवा वितळलेल्या फ्यूजच्या जागी घातलेला अधिक क्षमतेचा फ्यूज, ह्यांपैकी काहीही दुसऱ्याच्या मुळाशी असू शकते. फ्यूज वितळतो तो तार वाचावी म्हणून. तो दांडगा केला की तारच जळते. अशा वेळी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे आणि सामानाचा विचार न करता सर्वांना दूर न्यावे. बॉनेटखालून धूर येत असता ते सताड उघडू नये; आत शिरलेली हवा आगीला बळ देते.

वास गेला म्हणजे दोष गेला, असे नव्हे. घाट उतरल्यावर अस्तर व ऑइल जाणत्या मिस्त्रीकडून तपासून घ्यावे, आणि ब्रेक ऑइल निर्मात्याने सांगितलेल्या मुदतीत बदलावे. नीलगिरीच्या वळणावर अर्धा तास थांबलेल्या त्या कुटुंबाला घरी पोहोचण्यास उशीर होईल. पण उरलेला उतार ते ब्रेकच्या भरवशावर उतरेल, दैवाच्या नव्हे.