मॅट्रिक्समधला पुसलेला आकडा कसा शोधायचा?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात उन्हाळ्यात तेंदूपानांचा हंगाम असतो. 70 पानांचा एक पुडा, आणि भाव शंभर पुड्यांचा. याच हिशोबावर आज मॅट्रिक्स बघू. वहीतले आकडे मात्र मी मानलेले आहेत.

दोन घरं, दोन आठवडे. वहीत किती शेकडा पुडे, ते लिहिलंय. पहिली ओळ: 10, 12. दुसरी ओळ: क, 9. ‘क’ म्हणजे पावसात पुसलेला आकडा. भावाचा स्तंभ: 400, 450 रुपये. मजुरीचा स्तंभ: 9400, 8850.

ओळीला भावाच्या स्तंभाने गुणायचं आणि बेरीज करायची. दोन मॅट्रिक्स समान म्हणजे जागच्या जागी प्रत्येक आकडा समान. म्हणून दुसरी ओळ सांगते:

400क + 4050 = 8850
क = 12

म्हणजे 1200 पुडे, 84,000 पानं!

पण थांबा. पहिल्या ओळीत ‘क’ नाही म्हणून ती सोडू नका. 4000 + 5400 = 9400. जुळलं! न जुळतं, तर ‘क’ची कुठलीही किंमत चालली नसती, घोळ पहिल्या ओळीच्या आकड्यांत, भावात किंवा मजुरीत निघाला असता.

आता तुम्ही करा: दुसऱ्या घराला 8450 रुपयेच मिळाले, तर पहिल्या आठवड्याचे किती पुडे हिशोबात धरले? उत्तर 1100. शंभर पुड्यांची मेहनत गेली कुठे, हे मग वही उघडून विचारता येतं.