डिस्ट्रेस ॲनालिसिस इंटरव्ह्यू कॉर्पस

डिस्ट्रेस ॲनालिसिस इंटरव्ह्यू कॉर्पस (संक्षेप: डीएआयसी) हा मानसिक त्रासाची लक्षणे संगणकाच्या साहाय्याने ओळखता यावीत, या हेतूने केलेल्या मुलाखतींचा विदासंग्रह आहे. अमेरिकेतील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्स्टिट्यूट फॉर क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज या संस्थेने तो तयार केला. त्याचे वर्णन करणारा शोधनिबंध २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. नैराश्य, चिंता व आघातोत्तर तणाव विकार हे त्याचे मुख्य विषय आहेत.

मुलाखतींची पद्धत

लॉस एंजेलिस परिसरातील सामान्य नागरिक आणि अमेरिकी सैन्यातील माजी सैनिक यांच्या इंग्रजीतून मुलाखती घेण्यात आल्या. काही मुलाखती समोरासमोर, काही दूरदृश्य संवादाद्वारे, तर काही पडद्यावरील 'एली' या आभासी मुलाखतकाराकरवी झाल्या. सुरुवातीला एलीचे बोलणे व हावभाव दुसऱ्या खोलीतील माणसे नियंत्रित करत. नंतर ती स्वयंचलित झाली. माणसाने नियंत्रित केलेल्या १८९ मुलाखतींचा भाग 'डीएआयसी-वॉझ' या नावाने ओळखला जातो.

नोंदींचे स्वरूप

आवाज, चित्रफीत व संभाषणाचे लिखित रूप यांबरोबरच काही सहभागींच्या त्वचेची विद्युतवाहकता, ईसीजी आणि श्वसन यांचीही नोंद झाली. घामामुळे त्वचेची विद्युतवाहकता वाढते. मात्र भीती व आनंद या दोन्ही अवस्थांत ती वाढू शकते. त्यामुळे तिच्यातून उत्तेजनाची तीव्रता कळते, भावनेचा प्रकार कळत नाही. म्हणूनच शारीरिक संकेतांचा अर्थ बोलण्याच्या संदर्भात लावावा लागतो.

नैराश्याच्या वर्गीकरणासाठी 'पीएचक्यू-८' ही प्रश्नावली वापरली आहे. तिच्यात मागील दोन आठवड्यांविषयी आठ प्रश्न असून एकूण गुण ० ते २४ असतात. १० किंवा अधिक गुण नैराश्याचे निदर्शक मानले जातात. हे उत्तर सहभागी व्यक्ती स्वतः देते. ते वैद्यकीय निदान नव्हे.

गोपनीयता

संशोधकांना हा संग्रह करारानुसार दिला जातो. डीएआयसी-वॉझमध्ये मूळ चित्रफितींऐवजी चेहऱ्यावरील बिंदूंची मोजमापे दिली जातात, तसेच ओळख पटवणारे उल्लेख ध्वनिफितींतून व लेखी संभाषणातून वगळले आहेत. ध्वनिफीत मात्र उपलब्ध असते आणि आवाजावरूनही व्यक्ती ओळखता येऊ शकते. त्यामुळे करारातील अटींना महत्त्व आहे.

उपयोग व मर्यादा

२०१६ व २०१७ च्या 'एव्हेक' संशोधन स्पर्धांत हा विदासंच वापरला गेला. पुढील अभ्यासांत एक उणीव दिसून आली: मुलाखतकाराने विचारलेल्या प्रश्नांवरूनच काही प्रारूपे नैराश्याचा अंदाज बांधत होती. पूर्वी नैराश्याचे निदान झालेल्यांना त्याविषयी अधिक प्रश्न विचारले जात आणि प्रारूपे नेमका तोच धागा पकडत. अशा प्रारूपाची अचूकता कागदावर अधिक दिसली, तरी रुग्णाच्या बोलण्यातील लक्षणे त्याला कळतातच असे नाही. शिवाय मुलाखती एकाच देशातील व इंग्रजीतील असल्यामुळे अन्य भाषकांच्या उपचारांत त्यांवर आधारित साधने वापरण्यापूर्वी स्वतंत्र पडताळणी आवश्यक ठरते.