'बघू', 'नोडोण' आणि बोटीचं तिकीट

आमच्या घरात दोन भाषा नांदतात. माझं माहेर शहापूरचं, मराठी. सासर धारवाडचं, कानडी. मुलं आजीशी एका भाषेत भांडतात आणि अज्जीशी दुसऱ्या. पण एका बाबतीत दोन्ही भाषांचं अगदी एकमत आहे. मोठ्या खर्चाचा विषय निघाला की मी म्हणते, "बघू," आणि हे म्हणतात, "नोडोण." अर्थ एकच. आज नको!

बोटीच्या सहलीचंही तसंच झालं. माझी आई मूळची वेंगुर्ल्याची. लहानपणी ती मामाकडे मुंबईला जायची ती आगबोटीनं. किनाऱ्यावरून पडावात बसायचं, पडाव हेलकावत बोटीला लागायचा, खलाशी हाताला धरून वर घ्यायचे आणि मग भाऊचा धक्का येईपर्यंत नुसता समुद्र. पुढं रस्ते झाले, एस.टी. आली आणि कोकणातली ती बोट कायमची बंद पडली. २०२३च्या जूनमध्ये मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या पर्यटन जहाजाची जाहिरात आईनं पाहिली आणि म्हणाली, "एकदा त्या वाटेनं परत जायला मिळालं तर बरं." शहात्तर वर्षांच्या माझ्या आईनं स्वतःसाठी दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

"इथनं चोर्ला घाट उतरला की गोवा. त्यासाठी मुंबईला जायचं म्हणजे द्राविडी प्राणायामच!" हे हसले, पण तयार झाले. आम्ही दोघं, दोन मुलं, आई आणि सासूबाई अशी सहा माणसं. दिवाळीच्या सुटीत जायचं, शेजारशेजारच्या दोन केबिन घ्यायच्या. एजंटनं भाडं सांगितलं आणि माझ्यातली अर्थशास्त्राची प्राध्यापिका जागी झाली. मी म्हटलं, थांबू या. शेवटी शेवटी भाडं उतरतं.

माझं म्हणणं चुकीचं नव्हतं. जहाज सुटलं की रिकामी राहिलेली केबिन म्हणजे बाजार उठल्यावर उरलेली कोथिंबीर. ती उद्या विकता येत नाही. इंधन, खलाशी, स्वयंपाकघर यांचा खर्च केबिन भरली काय नि रिकामी गेली काय, जवळजवळ तेवढाच. उलट कमी भाड्यात का होईना, माणूस आत आला तर तो दुकानात, करमणुकीवर, खास जेवणावर वर चार पैसे खर्च करतो. विमानाचं मात्र वेगळं असतं. ऐनवेळी कामासाठी निघणारा माणूस वाटेल ते भाडं देतो, म्हणून विमानाचं तिकीट शेवटी बहुधा चढतं. तातडीचं काम निघालं म्हणून जहाजाच्या सहलीला कोणी जात नाही.

हे गणित १९७२ साली केन लिटलवुड या ब्रिटिश विमान कंपनीतल्या अभ्यासकानं सोप्या सूत्रात मांडलं. समजा, पुरं भाडं दहा हजार आहे आणि ते देणारं गिऱ्हाईक पुढं मिळण्याची शक्यता निम्मी आहे. मग आज पाच हजारांच्या खाली जागा विकू नये. दिवस सरले आणि ती शक्यता पाचात एक इतकीच उरली, तर दोन हजारांना दिलेलीही परवडते. भाडं दर आठवड्याला खालीवर का होतं, याचं बरंचसं उत्तर यात आहे. पण यातच दुसरी गोष्टही आहे, जी मी वर्गात शिकवते आणि घरी विसरले. गिऱ्हाईक येणार याची खात्री असेल, तर विकणारा खाली उतरतच नाही. दिवाळी, नाताळ, मे महिना ही खात्रीची गिऱ्हाइकी!

तर आम्ही थांबलो. ऑगस्टमध्ये भाडं चढलं. मी म्हटलं, "बघू." सप्टेंबरमध्ये तिथंच राहिलं. हे म्हणाले, "नोडोण." ऑक्टोबरच्या मध्याला खरोखरच उतरलं, जूनपेक्षा जवळजवळ पाचव्या हिश्शानं. मी विजयी मुद्रेनं एजंटकडे गेले. तेव्हा कळलं की हे भाडं उरलेल्या केबिनचं आहे. नंबर कंपनी मागाहून देणार, दोन केबिन दोन वेगळ्या मजल्यांवरही येऊ शकतात. इकडे बेळगावहून मुंबईची रेल्वे कधीच वेटिंग लिस्टला गेली होती. खासगी बसचं दिवाळीतलं भाडं धरलं, तर वाचलेले पैसे तिथंच संपत होते. रात्रीत उठावं लागलं तर दोन म्हाताऱ्या एकट्या काय करणार? शेवटी ठरलं, पुढच्या वर्षी बघू. आई म्हणाली, "राहू दे गं, कुठं पळून जातोय समुद्र!"

समुद्र पळून गेला नाही. पण २०२४च्या पावसाळ्यात आई न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला. दवाखान्यात तिच्या उशाशी बसले असताना मला त्या पाचव्या हिश्शाची आठवण यायची. वाट बघायला पैसे पडत नाहीत, असं मी धरून चालले होते. त्याची किंमत आईच्या पायांनी मोजली होती.

ऑगस्टमध्ये ती घरात चार पावलं टाकू लागली. डॉक्टरांना विचारलं. त्यांनी जानेवारीपर्यंत जायला हरकत नाही म्हटल्यावर मी त्याच आठवड्यात एजंटकडे गेले. २०२५च्या संक्रांतीनंतरच्या आठवड्यातलं जहाज ठरवलं. सुट्या नसलेला आठवडा, म्हणून भाडं मुळातच बेताचं. या वेळी पहिला प्रश्न भाड्याचा नव्हता. चाकाची खुर्ची आत जाईल असं रुंद दार, न्हाणीघरात धरायला दांडी, दाराशी उंबरठा नाही, अशा केबिन कुठल्याही जहाजावर मोजक्याच असतात. त्या शेवटच्या घटकेला कोणासाठी उरत नाहीत. तशी एक आणि तिच्या शेजारची एक घेतली. जाहिरातीतल्या भाड्यावर बंदराचे आकार, जीएसटी आणि नोकरवर्गाची बक्षिसी वेगळी असते, तेही आधीच जोडून घेतलं. सहल रद्द केली तर कुठल्या तारखेपर्यंत किती पैसे कापतात, हे लिहून घेतलं. १ नोव्हेंबर २०२४पासून रेल्वेनं आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणली. त्यामुळं साठावा दिवस कॅलेंडरवर लाल पेनानं गोल करून ठेवला आणि सकाळी आठला तिकिटं काढली.

डिसेंबरमध्ये त्याच जहाजाचं भाडं उतरलं! कॉलेजमधल्या एका सहकाऱ्यांनी चिडवलंच, "काय मॅडम, अर्थशास्त्र कुठं गेलं?" मी म्हटलं, "इथंच आहे. जे जास्त दिले, ते रुंद दाराचे दिले."

याचा अर्थ थांबणारे सगळे चुकतात असा नाही. आमच्या गल्लीतलं एक निवृत्त जोडपं आहे. त्यांना कुठलाही आठवडा चालतो, कुठलीही केबिन चालते, मुलगा मुंबईला असल्यामुळं जाण्यायेण्याची काळजी नाही. त्यांनी खुशाल थांबावं. परदेशातल्या मोठ्या सफरींची उरलेली रक्कम साधारण दोन-तीन महिने आधी भरावी लागते. त्या सुमारास डळमळीत मंडळी गळतात आणि केबिन परत बाजारात येतात. त्या वेळी भाव विचारावा. मात्र जिथं परीक्षा, रजा आणि म्हातारी माणसं एकाच दोरीत बांधलेली आहेत, तिथं स्वस्त भाड्याची वाट बघणं महागात पडतं. 'शेवटी भाडं उतरेल का?' हा प्रश्न मागाहूनचा. 'उतरलं, तर त्या तिकिटावर आपल्याला जाता येईल का?' हा पहिला.

गोवा यायच्या दिवशी सकाळी आम्ही आईला खुर्चीत बसवून वरच्या डेकवर आणलं. डाव्या हाताला दूर किनाऱ्याची पुसट रेघ दिसत होती. "त्या अंगाला वेंगुर्लं," आई म्हणाली. मला नुसतं धुकं दिसत होतं, पण मी मान डोलावली. एवढ्यात शाल सावरत सासूबाई आल्या. आईनं हात करून त्यांना बोलावलं, तशा त्या कठड्याशी येऊन उभ्या राहिल्या आणि आम्हालाही हाक मारली, "बर्री, नोडोण."

आमच्या घरात इतकी वर्षं टाळाटाळीसाठी वापरलेल्या त्या शब्दाचा खरा अर्थ 'चला, पाहू या' असा आहे, हे मला त्या सकाळी आठवलं.