माठातील पाणी आणि विज्ञानाचा तास

बाष्पीभवनाची व्याख्या बिनचूक म्हणून दाखविणारा विद्यार्थी उन्हाळ्यात रोज माठातील गार पाणी पितो. परंतु या दोहोंचा काही संबंध आहे, हे त्याच्या ध्यानी येत नाही. विज्ञान ही पुस्तकापुरती वस्तू आहे, अशी समजूत एकदा दृढ झाली म्हणजे विषयाची गोडी लागणे कठीण होते. घरी पाणी भरणारी मुलगी तर आपल्या कामातही शास्त्र आहे, हे मनातसुद्धा आणीत नाही.

तथापि, अनुभवाचा नुसता उल्लेख पुरेसा नाही. माठातील पाणी गार का होते, असे विचारले असता ‘माती मुळातच थंड असते’ असे उत्तर पुष्कळदा मिळते. ते चूक म्हणून टाकून न देता पारखून पाहावे. एकाच विहिरीचे पाणी एक माठ, एक पितळी कळशी आणि ओले फडके गुंडाळलेली दुसरी कळशी यांत सारखे भरावे. तिन्ही भांडी सावलीत, वाऱ्यावर ठेवावी व फडके सुकू देऊ नये. दोन तासांनी तापमापक लावावा. फडके गुंडाळलेल्या कळशीतील पाणीही साध्या कळशीतील पाण्याहून गार आढळते. तेथे माती नाही. तेव्हा खरे कारण निराळे असले पाहिजे, हे मुलेच बोलू लागतात.

आता स्पष्टीकरणास जागा झाली. माठ सच्छिद्र असतो. त्यातून पाझरलेल्या पाण्याची वाफ होताना आतील पाण्याची उष्णता खर्च होते. १ ग्रॅम पाण्यास सुमारे ५८० कॅलरी लागतात. म्हणजे बाहेरून उष्णता न आल्यास १० ग्रॅम पाण्याच्या वाफेने १ लिटर पाणी ५ ते ६ अंश सेल्सिअसने निवते. पावसाळ्यात हवा दमट असल्याने वाफ कमी होते. क्षारांनी छिद्रे बुजलेला जुना माठ पाणी का निववीत नाही, हा प्रश्न मुलांवर सोपवावा.

मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांत सुरू झालेल्या विज्ञान-शिक्षण कार्यक्रमाचा भर परिसर व प्रत्यक्ष प्रयोग यांवरच होता. तो २००२ साली बंद झाला. परंतु शाळेतील ज्ञान शाळेबाहेरील जीवनाशी जोडावे, हे तत्त्व २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही पुढे ठेवले.

सारांश, अनुभवाने प्रश्न द्यावा, प्रयोगाने तो पारखावा आणि व्याख्या शेवटी यावी. हा क्रम राखला असता पाणी भरणाऱ्या मुलीलाही वर्गात सांगण्यासारखे काही सापडते.